एकतिसाव्या वर्षी एमबीबीएस: प्रश्न वयाचा नाही, सीटचा आहे

विचारणाऱ्या ताई एकतीस वर्षांच्या आहेत. २०१२ साली लातूर जिल्ह्यातून बारावी सायन्स, मग बी.एस्सी. नर्सिंग, आणि गेली आठ वर्षं पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स. नवरा नोकरी करतो, मुलगा चार वर्षांचा. बारावीनंतर एमबीबीएसला थोडक्यात नंबर लागला नाही आणि ते अजून मनातून गेलेलं नाही. त्यांचे प्रश्न तीन आहेत. या वयात नीट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची देशभरची परीक्षा, देता येते का, नर्सिंगच्या अनुभवाचा काही फायदा मिळतो का, आणि सगळे म्हणतात तसा आता उशीर झालाय का.

मी सरकारी मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते. पहिल्या वर्षाची बॅच आमच्याच हाताखालून जाते, शिवाय ॲडमिशनच्या राउंडना कागदपत्रं तपासायच्या टेबलावरही मी बरीच वर्षं बसते आहे. फार्मसी करून आलेले, इंजिनिअरिंगची नोकरी सोडून आलेले, बीएएमएस अर्ध्यावर सोडलेले, नर्सिंगमधून आलेले असे मोठ्या वयाचे विद्यार्थी जवळून पाहिलेत. जे सांगते आहे ते त्यावरूनच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नीटला कमाल वयाची अट आज नाही. २०१७ साली खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि आरक्षित प्रवर्गासाठी ३० वर्षांची मर्यादा आणली होती, त्यावर बरीच कोर्टबाजी झाली, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत ती काढून टाकायचं ठरवलं. मार्च २०२२ मध्ये ते जाहीर झालं. किती वेळा परीक्षा द्यायची यालाही बंधन नाही. पुण्याच्या एएफएमसीला, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजला, मात्र वयाची आणि अविवाहित असण्याची अट आहे, तेवढं एक कॉलेज तुमच्या यादीतून वगळा. तुमच्यासारख्या दुसऱ्या कुणी हे वाचत असतील आणि बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडलं असेल, तर त्यांनीही नाउमेद होऊ नये. बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून दिला तरी नीटला बसता येतं, असं आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला कठीण आहे. अनुभवाला शून्य गुण. अमेरिकेत आधी पदवी घेऊनच मेडिकलला जातात, तिथे अर्जात निबंध असतो, मुलाखत असते, रुग्णांसोबत केलेल्या कामाची दखल घेतात, त्यामुळे तिशीतला विद्यार्थी तिथे नवलाचा नसतो. परदेशातले व्हिडिओ बघून आपल्याकडच्या लोकांचीही तशीच समजूत होते. आपल्याकडे मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी गोळे काळे करून भरलेली ओएमआर उत्तरपत्रिका, एवढंच मोजलं जातं. तुम्ही किती पेशंट व्हेंटिलेटरवरून सोडवलेत हे तिथे कुणी विचारणार नाही. नर्सिंगमधून एमबीबीएसला थेट प्रवेश, ब्रिज कोर्स, अनुभवी नर्सचा कोटा असलं काहीही नाही. तसं सांगून पैसे मागणारा एजंट भेटला तर तो फसवतोय हे पक्कं समजा. प्रवेश फक्त दोन दारांनी होतो: राज्याच्या सीट्ससाठी राज्य सरकारचा सीईटी सेल, आणि अखिल भारतीय कोटा नि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांसाठी केंद्राची समुपदेशन समिती, एमसीसी.

आता तिसरा प्रश्न, उशिराचा. हा प्रश्न वयाच्या भाषेत विचारला की उत्तर सापडत नाही. ओडिशातले निवृत्त बँक अधिकारी जयकिशोर प्रधान यांनी २०२० साली ६४ व्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश घेतला. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्यावर घर चालवण्याची जबाबदारी उरलेली नव्हती, तुमच्यावर आहे. म्हणून मी वय बाजूला ठेवते आणि विचारते: कुठली सीट मिळाली तर जायचं, आणि तोवर घर कशावर चालणार?

सरकारी कॉलेजची फी वर्षाला दीड लाखाच्या आतबाहेर असते. खासगी कॉलेजात शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फीसुद्धा वर्षाला आठ-दहा लाखांपासून सुरू होते आणि तिथल्या संस्था कोट्याची (मॅनेजमेंट कोट्याची) त्याच्या काही पट. अभिमत विद्यापीठात बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढेच. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. या काळात तुमचा पगार बंद, कारण एमबीबीएस करताना नोकरी होत नाही. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी सक्तीची आहे. सकाळी लेक्चर, दुपारी डिसेक्शन किंवा लॅब, असा दिवस जातो. वीकेंडला नाइट ड्युटी करून दोन्ही सांभाळेन असं म्हणणारे पहिल्या टर्मच्या परीक्षेपर्यंतही टिकलेले मी पाहिले नाहीत.

हिशेब कागदावर मांडा. आज एकतीस. तयारीला दीड-दोन वर्षं धरली तर प्रवेश तेहतिसाव्या वर्षी. इंटर्नशिप संपेल तेव्हा तुम्ही अडतीस-एकोणचाळीसच्या असाल. सरकारी सीट असेल तर पुढे एक वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे बाँडची सरकारी नोकरी. ती मला वाया गेलेली वाटत नाही, कारण पगार असतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात माणूस खरा डॉक्टर होतो. म्हणजे चाळिशीला तुम्ही एमबीबीएस डॉक्टर. पोस्ट ग्रॅज्युएशन करायचं तर नीट पीजी आणि आणखी तीन वर्षं, तीही रेसिडेन्सीची, जिथे सलग चोवीस-छत्तीस तास ड्युटी करणं नवीन नाही. त्या परीक्षेलाही कमाल वय नाही, पण बेचाळिसाव्या वर्षी छत्तीस तास उभं राहणं शरीराला जड जातं. यूपीएससीच्या वैद्यकीय सेवा परीक्षेला वयोमर्यादा ३२ आहे, काही पदांना ३५, तेव्हा ती वाट तुमच्यासाठी बंद आहे. राज्यातल्या नियमित वैद्यकीय अधिकारी पदांची वयोमर्यादा जाहिरातीत बघावी लागेल. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी पदांना आणि स्वतःच्या प्रॅक्टिसला वयाची अडचण येत नाही.

म्हणून मी मोठ्या वयाच्या प्रत्येकाला एकच कसोटी सांगते. नुसतं एमबीबीएस होऊन, गावात किंवा उपनगरात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करण्यात तुम्हाला समाधान आहे का? असेल तर हा रस्ता तुमच्यासाठी खुला आहे. डोळ्यांपुढे फक्त कार्डिऑलॉजिस्ट किंवा सर्जन असेल तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल, कारण त्यासाठी लागणारी पंधरा वर्षं नि त्यातली अनिश्चितता घर सांभाळून पेलणं फार थोड्यांना जमतं.

आणि माझं स्पष्ट मत: तुमच्या परिस्थितीत फक्त सरकारी सीटसाठी तयारी करा. फार तर फी माफीत बसणारी खासगी कॉलेजची कॅप राउंडची, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतली, सीट. जुलै २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं, पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा, संस्था कोट्याला ते लागू नाही. लग्न झालेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत कुणाचं उत्पन्न धरणार, हे आजच एखाद्या कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात जाऊन विचारा. या एका उत्तरावर तुमचं बरंच काही ठरू शकतं. घर किंवा शेत गहाण टाकून अभिमत विद्यापीठाची सीट घेणं मी तुम्हाला कधीच सुचवणार नाही. चाळिशीत प्रॅक्टिस सुरू करणाऱ्याच्या डोक्यावर कोटभर कर्ज असलं तर तो हप्त्यासाठी प्रॅक्टिस करतो, आणि त्याचा त्रास पेशंटला होतो.

परदेशाचंही लगेच सांगून टाकते. नीट पात्रता तिथेही लागते, २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा कोर्स आणि त्याच संस्थेत वर्षाची इंटर्नशिप लागते, परत आल्यावर परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते आणि इथे पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. एफएमजीईत बहुतेक वेळा नापास होणारेच जास्त असतात. त्यात चार वर्षांचं मूल इथे ठेवून जायचं. मी हा पर्याय तुमच्यापुढे ठेवणार नाही.

आता तयारी. सरकारी सीटला किती मार्क लागतात हे विचारू नका, किती रँक लागते ते बघा. २०२४ ला पेपर सोपा गेला आणि मोठी कॉलेजं असोत की छोटी, सगळीकडे कटऑफ आभाळाला टेकले. २०२५ ला फिजिक्स इतकं अवघड आलं की देशात पहिल्या आलेल्या मुलालाही ७२० पैकी ६८६ मिळाले आणि सरकारी सीटचे कटऑफ शंभराहून जास्त मार्कांनी खाली आले. बावीस लाखांवर मुलं परीक्षा देतात. त्यातली बरीच सहज बसलेली असतात, पण वरच्या लाखभरात तुमची गाठ दिवसाला दहा-बारा तास अभ्यास करणाऱ्या, लातूर-नांदेडला क्लाससाठी दोन वर्षं राहिलेल्या मुलांशी आहे.

१८० प्रश्न, १८० मिनिटं. त्यातले ९० जीवशास्त्राचे, ४५ रसायनशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा.

नर्सिंगमधून येणाऱ्यांना वाटतं बायोलॉजी तर आपलीच आहे. इथे एक छुपी अडचण असते. तुम्हाला वॉर्डातली माहिती असते आणि पेपर एनसीईआरटीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकांच्या, ओळीवर निघतो. साधं बघा: निरोगी माणूस मिनिटाला किती वेळा श्वास घेतो? चार्टवर तुम्ही १२ ते २० नॉर्मल धरता, आणि ते बरोबरच आहे. एनसीईआरटीत मात्र १२ ते १६ लिहिलंय. दोन्ही पर्याय समोर आले की आठ वर्षं आयसीयू केलेली नर्स चुकते आणि अकरावीची मुलगी बरोबर येते. पेशंटबद्दल जे ठाऊक आहे ते परीक्षेपुरतं बाजूला ठेवून पुस्तकातलं वाक्य पाठ करणं, हे मोठ्या वयात जास्त अवघड जातं, कारण मन हटकून म्हणतं की असं नसतं. तरीही करावं लागतं. शिवाय वनस्पतिशास्त्राशी तुमचा बारा-तेरा वर्षांत संबंध आलेला नाही. ते पूर्ण नव्याने आलं असं समजूनच वाचा.

जुन्या नोट्स मात्र कपाटातच राहू द्या. २०२४ पासून अभ्यासक्रम बदललाय. पचनसंस्थेचा धडा गेला, वनस्पतींमधलं वहन आणि खनिज पोषण गेलं, रसायनशास्त्रातून घनावस्था, पृष्ठरसायन, पॉलिमर, धातुशास्त्र गेलं, आणि भौतिकशास्त्रात प्रयोगांवरचा भाग नव्याने आला. परीक्षेच्या वर्षीचा अभ्यासक्रम परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साइटवरून काढून भिंतीला चिकटवा. पेपर मराठीतून घेता येतो, सोबत इंग्रजीही छापलेलं असतं, आणि भाषांतरात घोळ असेल तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. तुमचं नर्सिंग इंग्रजीतून झालंय, पुढे एमबीबीएसही इंग्रजीतच आहे, तेव्हा इंग्रजीच घ्या.

खरी कसोटी फिजिक्सची. मोठ्या वयाचे बहुतेक विद्यार्थी तिथेच अडतात आणि तिथेच सोडून देतात. "माझं गणित कच्चं आहे" हे वाक्य नर्सेसच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय, आणि ते खरं नसतं. पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये नॉरॲड (रक्तदाब वाढवणारं औषध) घालून, पेशंटच्या वजनाप्रमाणे मिनिटाला किती मायक्रोग्रॅम जातंय आणि पंप किती मिलीवर लावायचा, हे तुम्ही उभ्या उभ्या काढता. एकक बदलणं, गुणोत्तर, दशांश चिन्ह सांभाळणं हे सगळं त्यात येतं, आणि चुकलं तर काय होतं हे माहीत असल्याने तुम्ही ते काळजीपूर्वक करता. कमी पडतं ते त्रिकोणमिती, आलेख, थोडं कलन (कॅल्क्युलस) आणि कॅल्क्युलेटरशिवाय भराभर आकडेमोड. ते शिकता येतं. फक्त रोज पेन्सिल हातात घेऊन करावं लागतं. व्हिडिओ बघून समजल्यासारखं वाटतं आणि पेपरात हात चालत नाही.

म्हणून नोकरी सोडण्याआधी चार महिन्यांची एक चाचणी स्वतःवर करा. इन्चार्ज सिस्टरशी बोलून शक्य असेल तर सलग मॉर्निंग शिफ्ट मागा, आयसीयूतून ओपीडीत बदली मिळाली तर आणखी चांगलं. रोज अडीच-तीन तास. त्यात अकरावीच्या फिजिक्सचे सुरुवातीचे धडे, म्हणजे एककं, गती, न्यूटनचे नियम, कार्य आणि ऊर्जा, एनसीईआरटीतली सोडवलेली उदाहरणं न बघता पुन्हा सोडवून, आणि जोडीला बायोलॉजीचा रोज थोडा भाग. चार महिन्यांनी त्याच धड्यांवरचे गेल्या दहा वर्षांतले नीटचे प्रश्न घड्याळ लावून सोडवा. साठ टक्के बरोबर येत असतील तर तुमच्यात दम आहे, पुढे चला. चाळीसच्या खाली राहिलात तर नोकरी सोडू नका. मधे असाल तर आणखी दोन महिने द्या. हे आकडे कुठल्या पुस्तकातले नाहीत, ज्यांना जमलं आणि ज्यांना नाही जमलं त्यांच्याकडे बघून मी धरलेले आहेत. ही चाचणी पगार चालू असताना होते म्हणून तिचं मोल आहे. मोठ्या वयात घाईने राजीनामा दिलेला माणूस पहिल्या महिन्यापासून पैशाच्या धास्तीत अभ्यास करतो.

चाचणी जमली तर परीक्षेआधीचे आठ-दहा महिने पूर्णवेळ द्या. सतरा वर्षांच्या मुलांसोबत दोन वर्षांच्या क्लासची तुम्हाला गरज नाही. फिजिक्ससाठी एखादा चांगला शिक्षक आणि एक कडक टेस्ट सिरीज पुरे. दोन पूर्ण प्रयत्न, त्यापुढे नाही, हे आजच नवऱ्यासोबत बसून ठरवा आणि लिहून ठेवा. तिसरा प्रयत्न कायद्याने करता येतो, पण "यंदा थोडक्यात गेलं" या वाक्यावर लोकांची पाच-पाच वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ऐन राउंडला माणसं इथे रडकुंडीला येतात. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली हवी, अधिवास प्रमाणपत्र हवं. तुमचं ते ठीक आहे. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि ताजं नॉन-क्रिमिलेअर लागेल. वैधता नर्सिंगच्या वेळी काढली असेल तर शोधून ठेवा, नसेल तर आजच अर्ज करा, कारण समितीचं काम तुमच्या परीक्षेच्या तारखेकडे बघून होत नाही. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र, नर्सिंग कॉलेजचा दाखला आणि मायग्रेशन, हॉस्पिटलचं रिलीव्हिंग लेटर. आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं, पॅनवर मधलं नाव गायब. टेबलापलीकडून आम्हाला ते चार वेगळ्या बायकांचे कागद दिसतात. नीटचा फॉर्म दहावीच्या नावानेच भरा, आधार त्याच्याशी जुळतंय का ते फॉर्म निघण्याच्या खूप आधी बघा, आणि नावातल्या बदलासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र व राजपत्राची प्रत फाइलमध्ये ठेवा.

प्रवेश मिळाल्यावरचं थोडंसं. पहिलं वर्ष ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीचं, आणि तेच सगळ्यात जड. ते पास व्हायला चारच प्रयत्न मिळतात, आणि सगळं एमबीबीएस नऊ वर्षांत पूर्ण करावं लागतं. पाठांतराला अठरा वर्षांच्या मुलांच्या मानाने वेळ जास्त लागतो, हे मोठे विद्यार्थी स्वतःच सांगतात. पण दुसऱ्या वर्षी वॉर्डात पाऊल टाकलं की चित्र बदलतं. बाकीची मुलं पेशंटला हात लावायला बिचकत असतात तेव्हा नर्सिंगमधून आलेली विद्यार्थिनी पलंगाशेजारी जाऊन आधी पेशंटला नीट बसवते, मग विचारपूस सुरू करते. आजार अंगावर यायच्या आधी पेशंटचा चेहरा बदलतो, तो तिला ओळखता येतो. परीक्षेने ज्या आठ वर्षांना शून्य गुण दिले, त्यांचं खरं मोल तिथे कळतं, आणि आम्हा शिक्षकांना ते दिसतं. अडचण एकच येते: वयाने लहान रेसिडेंट सगळ्यांसमोर ओरडतो. ते सहन करायची तयारी ठेवा.

एक दुसरी वाटही सांगायला हवी, आणि ती दुय्यम म्हणून सांगत नाही. तुम्हाला नेमकं काय हवंय? आयसीयूत पेशंट ढासळताना दिसतो, काय करायला हवं हे कळतं, पण ऑर्डरची वाट बघावी लागते, ही घुसमट असेल तर क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम बघा. भारतीय परिचर्या परिषदेचा आहे, आणि तुमचा अनुभव तिथे मोजला जातो. त्यानंतर मिळणारे अधिकार हॉस्पिटलगणिक कमीजास्त असतात, तेव्हा तो केलेल्या एखाद्या नर्सशी आधी बोला. पण घुसमट वेगळी असेल, म्हणजे दारातून आत आलेल्या माणसाला काय झालंय हे पहिल्यापासून आपणच शोधायचंय, उपचार आपणच ठरवायचेत, जबाबदारीही आपणच घ्यायची आहे, तर त्याला एमबीबीएसशिवाय दुसरं काही नाही, आणि तुम्ही ते करावं असंच मी म्हणेन.

येत्या सुट्टीच्या दिवशी एक काम करा. २०२५ च्या पेपरातले फक्त फिजिक्सचे ४५ प्रश्न घ्या, तासाभराचा गजर लावा, काहीही न वाचता सोडवा. मार्क कमीच येतील, त्याने खचू नका, मला फक्त कुठल्या धड्यांचे प्रश्न निदान समजले ते बघायचंय. ते आणि तुमचा प्रवर्ग कळवा. फी माफीचं काय उत्तर मिळालं तेही लिहा, मग अभ्यासाचा क्रम सांगते.